भगताला विचारा, डॉक्टरालाही विचारा

(ठाकुरवाडी येथील सभेंत झालेलें भाषण)



राब भाजून झाले, पेरणी तोंडावर आली. अशा वेळीं हातांतलें काम टाकून तुम्ही येथें जमलां आहां, तेव्हां मी तुमचा वेळ फुकट घालवणार नाहीं. मी डॉक्टर नाहीं, वैद्य नाहीं, भगत तर नाहींच नाहीं. मी एका सुताराचा मुलगा आहें. माझ्या बापानें मला किकरें-वाकस धरायला शिकवलें, त्याबरोबर एक गोष्ट शिकवली. तो म्हणे, “गिऱ्हाइकानें विचारलें कीं चौकटीला सागच कां, ऐन कां नको, तर रागवायचें नाहीं. कारण सांगायचें. ज्याला काम येतें त्याला कारण सांगतां येतें. ज्याला कारण सांगतां येत नाहीं तोच डोळे वटारतो.”

बंधूंनो, चौकटीच्या लाकडाविषयीं आपण दहा प्रश्न विचारतों. बैल घेतांना दांत पाहतों, खूर पाहतों, चालवून पाहतों. पण स्वतःच्या मुलाला ताप आला म्हणजे आपल्या तोंडाला कुलूप लागतें! भगत म्हणाला कोंबडें द्या, दिलें. डॉक्टर म्हणाला बाटली लावतों, लावली. पूर्वी आपण पहिल्यापुढें हात जोडत होतों, आतां दुसऱ्यापुढें जोडतों. हात जोडलेलेच आहेत. समोरचा माणूस तेवढा बदलला. आज मला तुम्हांला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हात थोडे सोडा आणि “कां?” म्हणून विचारा.

गळका हंडा

ह्या “कां?” ची किंमत माझ्या घरानें मोजली आहे. मी आठदहा वर्षांचा असेन. पावसाळ्यांत माझ्या धाकट्या भावाला हगवण लागली. आळींतल्या जाणत्यांनीं सांगितलें, “पाणी तोडा. पाणी दिलें तर तेवढेंच बाहेर पडतें.” बाजाराच्या गांवीं नेलें तर तेथल्या डॉक्टरानेंही तेंच सांगितलें, “पोटाला विश्रांति द्या.” भाऊ दोन दिवस पाणी पाणी करीत होता. आई पाण्याचा तांब्या पदराखालीं लपवून बसली होती, कारण तिला वाटे, पाणी दिलें तर पोर जाईल. तिसऱ्या दिवशीं पोर गेलें, आणि तें तहानेनेंच गेलें. माझ्या आईनें त्याला मारलें नाहीं. त्या सल्ल्यानें मारलें. आणि तो सल्ला खरा कशावरून, हें आम्हां कोणालाही विचारावेंसें वाटलें नाहीं!

आतां मला सांगा, हंडा गळका झाला तर तुम्ही त्यांत पाणी भरणें बंद करतां काय? गळती बंद होईपर्यंत वरून भरतच राहतां. हगवणींत मूल मरतें तें बहुतेक वेळां अंगांतलें पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळें. निघालेलें परत भरलें कीं मूल जगतें.

हें मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालें तें १९७१ सालीं. बांगलादेशच्या युद्धांत लाखों निर्वासित बंगालच्या सरहद्दीवर आले. बनगांव येथील छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यांत कालवून पिंपें भरलीं, आणि रोग्यांच्या आईबापांच्या हातीं पेले दिले. शेंकडा तीसच्या आसपास माणसें मरत होतीं, तें प्रमाण शेंकडा चारांच्याही खालीं आलें. कारण साधें आहे. आंतड्यांत साखर आणि मीठ जोडीनें आंत शिरतात आणि आपल्यामागें पाण्याला ओढून नेतात. नुसतें पाणी तितकें आंत जात नाहीं, जोडी लागते. पुढें १९७८ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या विलायतेच्या नामांकित वैद्यकीय पत्रानें हा त्या शतकांतील सर्वांत मोठा शोध ठरूं शकेल असें लिहिलें. आणि हा शोध काय? मीठ, साखर, पाणी! तुमच्या चुलीपाशीं ठेवलेल्या वस्तू!

म्हणून नीट ध्यानांत ठेवा. सरकारी दवाखान्यांत किंवा आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते. पुडीवर लिहिलें असेल तितक्या, बहुधा एक लिटर, उकळून निववलेल्या पाण्यांत ती सगळी एकदम टाकावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव पाहावी, डोळ्यांतल्या आसवांहून खारट लागलें तर फेकून द्यावें, कारण जास्त मीठ लहान मुलाला घातक आहे. चमच्या-चमच्यानें पाजावें. ओकलें तर दहा मिनिटें थांबून पुन्हां पाजावें. अंगावर पिणाऱ्या मुलाचें दूध बंद करूं नये. तांदळाची पेज मीठ घालून द्यावी. तीही तेंच काम करते. तुमच्या कर्जत तालुक्यांतून तर पेज नांवाची नदीच वाहते, आणि आपण तापल्या पोराला पेज द्यायला भितों! जोडीला दवाखान्यांतून झिंकच्या गोळ्या मिळतात. हगवण थांबली तरी त्या १४ दिवस पुऱ्या द्याव्या.

मात्र मूल गळून पडलें, पाणी पिईना, डोळे खोल गेले, पोटाची चामडी चिमटींत धरून सोडली तर लवकर सपाट होईना, शौचांतून रक्त पडलें, किंवा लघवी बंद झाली, तर मग घरीं बसूं नका. वाटेंत चमच्यानें पाजत पाजत त्याला दवाखान्यांत न्या.

बाटलींत काय असतें?

आतां सलाईनकडे वळूं. अंग मोडलें, कणकण आली, चार दिवस भात लावून कंबर धरली, कीं आपण तालुक्याला जातों आणि आपणच म्हणतों, “डॉक्टरसाहेब, एक बाटली लावा, ताकद येईल.” मग दोनतीन दिवसांची मजुरी तेथें ठेवून येतों. कुणी त्यासाठीं कोंबड्या विकतो, कुणी उचल घेतो.

आपण त्या बाटलीचा हिशेब करूं. हिशेबाला डॉक्टर लागत नाहीं. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलींत साडेचार ग्रॅम मीठ असतें, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरा नाहीं. बाकी सगळें पाणी. दुसरी असते साखरेची बाटली. तिच्या अर्ध्या लिटरांत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पांचसहा चमचे साखर. त्यांतून १०० कॅलरी मिळतात. नाचणीच्या एका भाकरीइतकीही ती ताकद नव्हे! भाकरींत शिवाय लोह आहे, चुना आहे, बाटलींत नाहीं. म्हणजे ज्या घरांत भाकरी कमी पडते त्या घरांतले पैसे देऊन आपण भाकरीहून कमी ताकद विकत घेतों, आणि वर तासभर खाटेवर पडून राहतों. बरें वाटतें तें बहुतेक त्या तासाभराच्या विश्रांतीनें!

मग सलाईन खोटें आहे काय? मुळींच नाहीं. ज्याची शुद्ध हरपली आहे, ज्याच्या पोटांत पाणी ठरत नाहीं, ज्याचें रक्त फार गेलें आहे, पटकीनें जो कोरडा पडला आहे, ज्याचें ऑपरेशन चाललें आहे, त्याला ती बाटली प्राण देते. करवत वाईट नव्हे. पण खिळा ठोकायला करवत कशाला? जो माणूस आपल्या पायांनीं चालत आला आणि तोंडानें चहा पितो, त्याला शिरेंतून पाणी देण्याचें कारण डॉक्टरानें सांगितलें पाहिजे, आणि आपण तें विचारलें पाहिजे.

सुईचें असेंच आहे. साधी सर्दी, साधा पडसें-खोकला हा विषाणूंचा रोग. तो आपल्या आपण पांचसात दिवसांत जातो. त्याला जंतुनाशक औषध उपयोगी पडत नाहीं. गोळीनें जें काम होतें त्याला सुई लागत नाहीं. उलट सुई घाणेरडी असेल तर दुसऱ्याचा रोग आपल्या रक्तांत येतो. २००९ सालीं गुजरातेंत मोडासा भागांत एकाच सुईच्या पुन्हां पुन्हां वापरानें विषारी कावीळ पसरली आणि कितीतरी माणसें मेलीं. म्हणून सुई खरोखर लागणारच असेल, तर नवी पुडी आपल्या डोळ्यांदेखत फोडायला सांगा. त्यांत लाज कसली? आपण कुऱ्हाड घेतांनाही धार पाहून घेतों.

आतां कोणी म्हणेल, डॉक्टर असें कां करतो? त्याचीं दोन कारणें आहेत. पहिलें कारण आपण स्वतः. नुसती समजूत घालून, पेज प्या म्हणून सांगून फी मागणाऱ्या डॉक्टराला आपण म्हणतों, “ह्याला कांहीं येत नाहीं,” आणि पलीकडच्या सुईवाल्याकडे जातों. प्रामाणिक माणसाचें दुकान आपणच बुडवतों. दुसरें कारण पैशाची साखळी. आपल्याच जिल्ह्यांतील महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं, तपासणीसाठीं रोगी पाठवल्याबद्दल आलेला कमिशनाचा चेक २०१३ सालीं परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार नेली. डॉक्टरानेंच डॉक्टरांच्या धंद्यांतली दलाली चव्हाट्यावर मांडली! तेव्हां “ही तपासणी कशासाठीं?” हा प्रश्न उद्धटपणाचा आहे असें कोणीही म्हणूं नये.

विंचू, साप आणि पुस्तक

बावसकरांचें नांव निघालें, तर त्यांची खरी गोष्ट ऐका. ती आपल्या मातींतली आहे. १९७६ च्या सुमारास हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा डॉक्टर होऊन महाड तालुक्यांत बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यांत आला. कोंकणांत लाल विंचू फार. विंचू चावलेलीं धडधाकट पोरें घामाघूम होऊन, तोंडाला फेंस येऊन, दवाखान्यांत त्यांच्या डोळ्यांसमोर मरत. गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा तीस-चाळीस दगावत. भगत म्हणे दैव. पुस्तकांतल्या उपायांनीं गुण येईना. ह्या तरुणानें पुस्तक मिटलें आणि रोग्याच्या उशाशीं रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवला. विंचवाचें विष रक्तवाहिन्या आवळतें, हृदयावर भार येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरतें, हें त्यांनीं ओळखलें. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नांवाची स्वस्त गोळी त्यांनीं वापरली. १९८६ सालीं तें काम ‘लॅन्सेट’मध्यें छापून आलें. वेळेवर आलेल्या रोग्यांचे मृत्यु शेंकडा एकदोनांवर आले. २०२२ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. एका खेड्यांतल्या दवाखान्यांतून पुस्तकाला प्रश्न विचारला गेला आणि जगाचें पुस्तक बदललें! मग आपण प्रश्न विचारायला कां भ्यावें?

सापाचेंही ऐका. आपण म्हणतों, भगतानें मंत्र टाकला आणि माणूस वांचला. कां वांचला? बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दरवेळीं विष पुरतें उतरतेंच असें नाहीं. अशीं माणसें मंत्राविनाही वांचतात; यश भगताच्या पदरीं पडतें. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसें यांचें विष खरोखर अंगांत गेलें, तर मंत्राच्या तासाभरांत प्राण जातो.

ह्यांत शिकलेल्यांनींही चूक केली आहे. पूर्वी पुस्तकांतच लिहीत असत कीं वर दोरी घट्ट आवळा, पात्यानें चीर द्या, रक्त चोखा. आज तें सगळें चुकीचें ठरलें आहे. आवळल्यानें हातपाय सडतो. चिरल्यानें फुरशाच्या विषांत रक्त थांबत नाहीं. आतां करावयाचें तें असें: माणसाला धीर द्या, अंगठी, कडें, पैंजण काढा, चावलेला अवयव फळी बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा, त्याला चालवूं नका. झोळी करा, खाट उचला, १०८ ला फोन लावा, आणि जेथें प्रतिविष आहे त्या सरकारी दवाखान्याकडे धांव घ्या. भगत शेजारचाच असतो. त्यालाही झोळीला खांदा द्यायला सांगा. तें खरें पुण्य!

आणि मण्यार रात्रीं घरांत येतो, जमिनीवर निजलेल्याला चावतो. त्याचा दंश मुंगीसारखा. सूज नाहीं, दुखणें नाहीं. पहांटे पोटांत दुखतें, पापण्या मिटूं लागतात. असें झालें तर “वाऱ्यानें झालें” म्हणून बसूं नका. निजायला खाट करा. नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखालीं चहूंबाजूंनीं नीट खोचून निजा. रात्रीं बॅटरीशिवाय बाहेर पडूं नका.

रस्ता नसलेल्या वाडीला हें किती जड आहे तें मला कळतें. तुमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यांत इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली, तेव्हां मदतीला निघालेल्यांनाही डोंगर पायींच चढावा लागला. म्हणून रस्त्याची मागणी ही सुद्धां औषधाचीच मागणी आहे. ती ग्रामसभेंत मांडा, लिहून घ्या, आणि पुन्हां पुन्हां मांडा.

बायकांच्या हातचें शहाणपण

बाळंतिणीच्या खोलींतही “कां?” शिरला पाहिजे. पहिल्या तीन दिवसांचा पिवळा चीक वाईट म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला गुळाचें पाणी देतात. गाईचा खरवस आपण आवडीनें खातों, आणि पोराच्या वांट्याचा चीक मातींत! तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस आहे. जन्मल्यावर तासाभराच्या आंत बाळाला अंगावर घ्या. नाळेवर शेण, राख, हळद कांहीं लावूं नका. पोट फुगलें म्हणून तापल्या सळईनें डागूं नका. बाळाला लगेच न्हाऊं घालूं नका. कोरडें पुसून आईच्या उबेला द्या.

अशा गोष्टी सांगायला परदेशाहून कोणी यावें लागत नाहीं. आपल्या जिल्ह्यांत अलिबागजवळ मांडव्याला डॉ. नोशिर अंतिया यांनीं १९७० नंतरच्या दशकांत गांवच्याच बायांना शिकवून क्षयाचे आणि महारोगाचे रोगी सांभाळून दाखवले. गडचिरोलींत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यु निम्म्याहून खालीं आणले. तें १९९९ सालीं जगापुढें आलें. त्याआधीं तज्ज्ञ म्हणत, आजारी नवजात बाळ इस्पितळांतच वांचेल. गडचिरोलीच्या बायांनीं त्याला उत्तर दिलें. तेव्हां आशाताई घरीं आली तर तिला चुलीपाशीं बसवून घ्या, दारांतून वाटेला लावूं नका.

प्रश्न म्हणजे नकार नव्हे

आतां एक इशारा. “विचारा” म्हणजे “नाकारा” असा अर्थ कोणी घेऊं नये. ज्याचें कारण पटतें तें काम पुरें केलें पाहिजे. क्षयाच्या गोळ्या सहा महिने सांगितल्या, आणि दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून सोडल्या, तर रोग दुप्पट जोरानें उठतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाहीं. लसीनें मुलाला एकदोन दिवस ताप येतो. पण गोवर, घटसर्प, धनुर्वात ह्यांपुढें तो ताप कांहींच नव्हे. १८९७ सालीं प्लेगच्या सांथींत हाफकिननें आपली लस आधीं स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. त्याच वर्षीं, १० मार्च रोजीं, प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले गेल्या. ज्या बाईनें आम्हांला प्रश्न विचारायला शिकवलें, तिनें रोग्याला दवाखान्यांत न्यायलाही शिकवलें. ह्या दोन्ही गोष्टी एकाच शहाणपणाच्या आहेत.

आणि आपल्या रोजच्या संवयींनाही तोच प्रश्न विचारा. दांत दुखतो म्हणून मिश्री, कां? ती तंबाखू आहे, तोंडाचा कर्करोग त्यांतून येतो. शेतावरून आलों, शौचाहून आलों, आणि हात नुसते पाण्यांत बुडवले, कां? १८४७ सालीं व्हिएन्ना शहरांत सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें इतर डॉक्टरांना हात धुवायला लावलें आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें खालीं आले; तरी मोठमोठ्या डॉक्टरांनीं त्याची टर उडवली. मोठीं माणसेंही चुकतात, हें विसरूं नका. साबण ही औषधाहून स्वस्त वस्तु आहे.

दवाखान्यांत गेल्यावर हे पांच प्रश्न विचारा, आणि ज्याला लिहितां येतें त्यानें उत्तरें लिहून आणावीं: मला काय झालें आहे? हें औषध कशासाठीं? सुईऐवजीं गोळी चालेल काय? हें न घेतलें तर काय होईल? कोणती खूण दिसली म्हणजे परत यावें? चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांनीं खूष होतो. जो डोळे वटारतो, त्याच्याविषयीं माझा बाप काय म्हणे तें मीं तुम्हांला आधींच सांगितलें आहे.

बंधूंनो, फार मोठी प्रतिज्ञा मी मागत नाहीं. ह्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरांत ओआरएसच्या दोन पुड्या आढ्याला डब्यांत ठेवा. वाडीची झोळी आणि दोन दणकट दांडे एका ठरलेल्या घरीं ठेवा. आणि हगवण लागलेल्या कोणत्याही पोराचें पाणी ह्या वाडींत पुन्हां कोणी तोडणार नाहीं, एवढें मनाशीं ठरवा. माझी आई पदराखालीं तांब्या लपवून बसली होती. तुमच्या वाडींतल्या आईनें तो तांब्या पदराबाहेर काढावा आणि पोराच्या ओठांना लावावा, एवढ्यासाठींच मी डोंगर चढून आलों.